गोड्या पाण्यातला मासा

७ जुलै २०२५, सोमवार

डॉक्टर म्हणाले, चाला. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रेवदंड्याच्या आळ्या पालथ्या घातल्या, तेव्हा त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. आता जावयाने आणलेले बूट घालून देवळामागच्या तळ्याला फेऱ्या मारायच्या, म्हणजे तब्येत! साखर वाढलीय म्हणे. काळजीने वाढते का, असं विचारलं तर हसले.

काळजी एकच – किशोरी. पनवेलला आहे, सातवा महिना, आणि लेकीच्या पोटात काही ठरत नाही. बाळ वजन धरत नाही, आईने खाल्लंच पाहिजे, हे तिची डॉक्टरीण दर वेळी सांगते. खाणार काय? कोळ्याची पोर आणि बोंबलाच्या वासाने ओकते! पापलेट पाठवलं, तर डबा उघडायच्या आधीच मोरीकडे धावली. जावई हितेश फोनवर हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगतो, जणू त्यानेच ओकलंय.

९ जुलै

तळं छान आहे, हे मान्य करते. कमळं फुललीत. आणि ती टिबुकली! बदकाची नक्कल करणारा एवढासा पक्षी, पण पिल्लांना पाठीवर घेऊन मिरवते. पिल्लांच्या अंगावर पट्टे. ती बुडी मारते, चोचीत काहीतरी वळवळतं घेऊन वर येते, आणि पिल्लं गपकन गिळतात. नखरे नाहीत, उलट्या नाहीत. मला चक्क हेवा वाटला. पक्ष्याचा!

शेजारची सोनाबाई बरोबर होती. म्हणाली, देवाची काय लीला. मी म्हटलं, लीला त्या वळवळणाऱ्याला विचार. उद्यापासून ती संध्याकाळी चालणार आहे.

१० जुलै

धो धो पाऊस. चालले नाही. साखर गेली खड्ड्यात.

१२ जुलै

एक पिल्लू गेलं. माझ्या डोळ्यांदेखत! पाणी फुटलं, एक काळं तोंड वर आलं – डुबुक – संपलं. टिबुकली ओरडत गोल गोल फिरत राहिली. मी काठावरून त्या काळ्या तोंडाला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. मुंबईचा एक पाहुणा मोबाईलवर कमळांचं शूटिंग करत होता, त्याने घाबरून मोबाईल खिशात घातला.

मग रडले. इतकी वर्षं कोपरापर्यंत हात भरवून मासे कापले आणि मुठीएवढ्या पिल्लासाठी रडले. पिल्लासाठी नाही, ते मलाही कळतं.

घरी काळूरामला सांगितलं. (नवऱ्याचं नाव फक्त या वहीत घेते. घरात नुसतं 'अवो'.) मासेमारीची बंदी, होडी किनाऱ्यावर ओढलेली आणि हा झोपाळ्यावर. मरळ असेल, म्हणाला. असेल बाई! तळ्यातला मासा आमच्यात कोण खातो? गोड्या पाण्यातला, चिखलाचा. त्याचं आम्हाला काय ठाऊक?

१५ जुलै

आज पाण्यावर लाल लाल काहीतरी तरंगत होतं. कुंकू सांडल्यासारखं. आणि हलत होतं! जवळून बघितलं तर माशाची बारीक पिल्लं, अगणित, सगळी एका गोळ्यात फिरतायत. इतकं सुंदर की पाय हलेना. आणि बरोबर खाली ती मरळ, टपलेली. मेलीचं पोट आहे की रांजण!

घरी आले तीच म्हटलं, अवो, गळ काढा. काळूराम काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, बघताय काय, काढा.

१६ जुलै

धरली! कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि अशी बुळबुळीत की राखेशिवाय हातात राहीना. मीच कापली. चिखलाचा वास येतो का बघत होते, नाही आला. कसलाच वास नाही. तेव्हा डोक्यात आलं.

तिखट बेताचं, लसूण, आमसूल. काळूराम पुटपुटत डबा घेऊन एसटीने पनवेलला गेला.

१७ जुलै

राहिलं! पोटात राहिलं! किशोरीने भातावर रस्सा घेऊन सगळं खाल्लं, काटेसुद्धा चोखले. रात्री शांत झोपली म्हणे. हितेशचा आवाज पहिल्यांदाच मोठा ऐकला. देवळात नारळ फोडला. येताना तळ्याकडे बघून म्हटलं, बरी अद्दल घडली तुला.

१९ जुलै

आज गेलेच नसते तर बरं झालं असतं.

लाल गोळा विस्कटलेला. काठावरून बगळा टिपतोय, वरून खंड्या सूर मारतोय. आणि माझी लाडकी टिबुकली – जिच्यासाठी एवढं केलं – तीही आपल्या पिल्लांना तेच भरवत होती. मला काही कळेना. खाणारी मरळ गेली, मग पिल्लं वाढायला हवीत ना? काळूरामला विचारलं.

"खायला टपली नव्हती गो. राखीत व्हती. तिचीच पोरं ती."

मासा आणि राखण? आमचा समुद्रातला मासा अंडी टाकतो आणि चालू पडतो. मी तेवढंच बघितलंय.

"मग आधी का नाय सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा? गळ काढा म्हणालीस."

जेवण गेलं नाही. स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा रागही आला.

२१ जुलै

दुसरी मरळ आहे! नर असतो म्हणे, दोघं मिळून राखतात. उरलासुरला लाल पुंजका घेऊन कमळाच्या पानाखाली उभा होता. टिबुकली जवळ आली तर असा अंगावर धावला की ती पंख फडफडवत पळाली. मी टाळ्या वाजवल्या!

काळूरामला गळ माळ्यावर ठेवायला लावला. गावदेवीची शपथ घेतली, दोघांनी – याला हात लावायचा नाही. मन जरा हलकं झालं.

२३ जुलै

किशोरीच्या उलट्या पुन्हा सुरू. अलिबागच्या बाजारातून बर्फातली मरळ आणून पाठवली, ती वासानेच परत आली. काळूराम सोनाबाईच्या मुलाचा, विनेशचा गळ घेऊन शेजारच्या गावच्या तळ्यावर दिवसभर बसला आणि सर्दी घेऊन आला.

२५ जुलै

श्रावण लागला. डॉक्टरीण म्हणाली, असंच राहिलं तर ॲडमिट करावं लागेल, बाळाचं वजन अडलंय. चालायला गेले. नर अजून तिथेच, पानाखाली. पुंजका थोडा मोठा दिसला, का मलाच वाटलं कुणास ठाऊक. फार वेळ उभी राहिले.

२६ जुलै

सकाळी किशोरीचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला. "आई, तोच मासा पाठव गो. दुसरं काय राहत नाय."

काळूरामने माझ्याकडे बघितलं. मग माळ्यावर चढला. स्टूल मीच धरलं.