अंगठा, बर्नोली आणि तिसरा मजला

३ एप्रिल १९६०, रविवार. सकाळी.

शोध लागला. तारीख नीट लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर घोळ नको.

तळमजल्याच्या नळावर तोंड धुवायला उतरलो होतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरही नळ आहे, पण तो नुसता शोभेला. दोन उन्हाळे त्यातून थेंब आलेला नाही. खालची धारही करंगळीएवढी. वैतागून नळाच्या तोंडावर अंगठा दाबला, तर पाणी उसळून थेट पहिल्या मजल्याच्या कठड्यावर गेलं. तिथे कुशाबामामांचा कोट वाळत होता. मामा चाळकमिटीचे अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात पहिल्या रांगेत. वरून बरंच बोलले. मी ऐकत नव्हतो, विचार करत होतो.

तोंड अरुंद केलं की वेग वाढतो. वेग वाढला की उंची वाढते. नुसत्या अंगठ्याने पहिला मजला, तर बारीक पाईपने तिसरा का नाही? लालबागेत आजवर हे कुणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.

बकुळा हंडा घेऊन जिना चढत होती, तिला तिथेच सांगितलं. एक मेला महाराष्ट्र राज्य येतंय, त्याच दिवशी तुझ्या दारात पाणी. तिला सातवा महिना आहे, आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, तोवर हा हंडा जरा धरता का. माझ्या हातात वही होती. ओली झाली असती.

५ एप्रिल.

संकल्प. रोज पहाटे उठून हायड्रॉलिक्सचा अभ्यास. मेअखेर डिप्लोमाचा पेपर आहे. गेल्या वर्षी थोडक्यात गेला. बर्नोलीच्या दाब-वेगाच्या नियमावरचा प्रश्न मी फार स्वतंत्रपणे सोडवला होता, तपासणाऱ्याला झेपलं नाही.

६ एप्रिल.

उठलो होतो. पण नळावर हंड्यांचा इतका खणखणाट की अभ्यास अशक्य. पुन्हा झोपावं लागलं.

८ एप्रिल.

संध्याकाळच्या वर्गात मास्तरांना माझी कल्पना सांगितली. ते म्हणाले, अंगठ्याने पाण्याला नवी ताकद येत नाही. खाली जेवढा दाब असेल तेवढंच पाणी चढणार, त्या उंचीला हेड म्हणतात. पाईप बारीक केलात तर उलट घर्षणात आणखी जाईल. सगळा वर्ग हसला.

मास्तर थिअरीचा माणूस. हिंदू कॉलनीत राहतो, त्याच्याकडे वर टाकी आहे. प्रॅक्टिकल आपल्याला ठाऊक.

१४ एप्रिल.

जयंती. चाळ निळी झाली आहे. मिरवणुकीआधी मामा खुशीत होते, तेव्हा परवानगी काढून घेतली. हो म्हणाले. अट एकच, नळ ते स्वतः उघडणार. आणि मी काही बोलायच्या आत चाळीच्या फळ्यावर खडूने लिहूनही टाकलं: एक मे, ध्वजवंदनानंतर तिसऱ्या मजल्याच्या नळाचं उद्घाटन, संशोधक शामराव.

संशोधक हा शब्द मी सुचवलेला नाही. पुसलाही नाही.

घरी बकुळाने विचारलं, एकदा करून बघितलंत का. बायकांना लगेच पुरावा लागतो. आई म्हणाली, पाणी येईल तेव्हा येईल, तोवर पोरीला भरू देऊ नको, तिचे पाय सुजलेत. आईचे स्वतःचे गुडघे गेलेत म्हणून तिला जिन्याचं फार वाटतं. मी म्हटलं, मी हंडाच कायमचा बंद करायच्या मागे आहे, आता मध्येच हंडा उचलत बसलो तर काम कोण करणार?

१७ एप्रिल, रविवार.

पाईप बसवला. गिरणीतल्या भंगारातला, आमच्या ड्रॉइंग ऑफिसातून रीतसर विचारून आणलेला. खालच्या नळाजवळ फाटा काढून थेट आमच्या दारातल्या नळापर्यंत नेला. दिसायला देखणा.

चाचणी घेतली. पाईपवर टिचक्या मारत वर गेलो. पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत भरल्याचा आवाज. त्याच्या वर पोकळ.

म्हणजे जवळजवळ निम्मं यश. पहिल्याच प्रयत्नात निम्मं कुणाला मिळतं?

२४ एप्रिल, रविवार.

आणखी बारीक पाईप लावला. पाणी तिथेच. बोटभरसुद्धा पुढे नाही. पाणी हट्टी आहे हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही.

खालच्या बायका तक्रार करतायत की माझ्या पाईपमुळे नळाची धार आणखी बारीक झाली. बकुळाला रांगेत जास्त वेळ उभं राहावं लागतं. मी दारात बसून नवीन आकृती काढत होतो, ती हंडा घेऊन पुन्हा पुन्हा समोरून गेली. तिच्या सावलीने माझी रेघ वाकडी आली. अशा दिवसांत बायकांना बोलू नये.

३० एप्रिल.

सगळं उलगडलं. माझी थिअरी बरोबर आहे, प्रॅक्टिकलच कमी पडतंय. मास्तरांचं एक मात्र खरं, खाली दाब हवा. उद्या सुट्टी, गिरण्या बंद. गिरण्यांचं पाणी वाचणार, ते सगळं आपल्याकडे वळणार, दाब वाढणार. इतकं सोपं होतं.

भाषणाचं टिपण केलं. मामांसाठी नाही, माझ्यासाठी. आग्रह झाला तर.

१ मे १९६०, रविवार.

लिहायचं नव्हतं. पण आजची तारीख कोरी कशी ठेवू?

गिरण्या बंद होत्या. म्हणजे अख्ख्या गिरणगावातली माणसं घरी होती. म्हणजे सगळ्यांनी पहाटेच नळ सोडून डोक्यावरून आंघोळी केल्या. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

ध्वजवंदन झालं. सगळी चाळ तिसऱ्या मजल्यावर लोटली. नळाला झेंडूची माळ. मामा कडक इस्त्रीच्या त्याच कोटात. महाराष्ट्राचा जयजयकार झाला आणि मामांनी नळ उघडला.

आधी काहीच नाही. मग सुस्कारा. मग लक्षात आलं की नळ हवा बाहेर सोडत नाहीये, आत ओढतोय. खाली कुणीतरी नळ सोडला असणार, आणि पाईपमध्ये होतं नव्हतं ते पाणी खाली चाललं होतं. माळेतली एक पाकळी नळाच्या तोंडाला चिकटली आणि सगळ्यांच्या देखत आत गेली. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, व्हॅक्यूम तयार झालाय, हेही एक संशोधनच आहे. मग जे हसू झालं ते काळाचौकीपर्यंत ऐकू गेलं असेल.

लोकांना चहा द्यायचा होता. घरात पाणी नव्हतं. बकुळा कधी हंडा घेऊन खाली गेली, मला कळलं नाही. मी अजून व्हॅक्यूम समजावून सांगत होतो. खालून ओरडा आला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, हंडा कलंडलेला, पाणी पायऱ्यांवरून खाली चाललेलं. डॉक्टर आले. पोटातलं मूल ठीक आहे, चक्कर होती म्हणाले. आता तिने काही उचलायचं नाही.

डॉक्टर गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"तुझा बा गावावरनं महाडपर्यंत चालत गेला होता, ओंजळभर पाण्यासाठी. तुला तीन जिने उतरवत नाहीत?"

जिन्यात कलंडलेला हंडा उचलून आणला. लाज वाटली, आणि भीती अजून गेलेली नाही.

२ मे. पहाटे.

उठलो. खरोखर.

नळाच्या रांगेत मी एकटाच पुरुष. बायकांनी जागा दिली, सल्लेही दिले. एकीने चुंबळ करून डोक्यावर ठेवली. मामा कठड्यावरून बघत होते, कोट आधीच आत नेलेला.

हंडा भरलेला असताना तिसरा मजला किती उंच असतो हे कुठल्याच पुस्तकात नाही. पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत ठीक गेलो. पाणी जिथे थांबायचं, बरोबर तिथेच थांबलो. टेकून दम खाल्ला, मग पुढे.

बकुळा अंथरुणावर बसून होती. हंड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, अर्धाच आणलात की हो.

मी म्हटलं, बाकीचं घर्षणात गेलं.

ती हसली. कालपासून पहिल्यांदा.

उद्या कळशी नेईन. भांडं लहान घेतलं की वेग वाढेल.