दोष हेडलाइटचाच

२ फेब्रुवारी, सकाळी ८
निर्णय घेतला. पिकअपच्या हेडलाइट सुधारायच्या. स्वतः. मेकॅनिक नको, कुणाचा सल्ला नको.
कारण: आज पहाटे बन्नूरच्या लग्नाला भाड्याची भांडी पोचवायला गेलो, तर अर्धा रस्ता अंदाजानं चालवला. गाडी सतरा वर्षांची. इंजिन अजून वाघ आहे. दिवे मात्र समईएवढे.
बायकोला सांगितलं. गंगाबाई म्हणाली, दिव्यांचं राहू द्या, आधी डोळे दाखवा.
मी एकसष्टचा आहे, एकशेएकचा नाही. शिवाय आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबा अकरा तांबडे रंग नुसत्या नजरेनं वेगळे करायचे. असे डोळे रक्तातून येतात. बिघडत नाहीत.

४ फेब्रुवारी
हेडलाइटची काच पिवळी पडलीय, हे मूळ. मोबाइलवर एक जण टूथपेस्टनं घासून दाखवतो. घासली. दोन तास. काच चकचकीत. गाडीच्या तोंडाला पुदिन्याचा वास.
टूथपेस्ट संपली. घरात सगळ्यांनी मिठानं दात घासले. थोडी कुरकुर झाली. मोठ्या कामात होतेच.
संध्याकाळी दिवे लावून नव्याला विचारलं. नव्या म्हणजे मुलगी, आमच्या भांड्यांचं बुकिंग तीच बघते. म्हणाली, अप्पा, एकदम छान दिसतंय. मला तेवढं छान वाटलं नाही. पण तरुण माणसांचं समाधान लवकर होतं.

७ फेब्रुवारी
एलईडी बल्ब आणून बसवले. पांढरे, कडक.
अनुभव: समोरून येणारा प्रत्येक जण ओरडतो. एका बसवाल्यानं बस थांबवून कन्नडमध्ये माझ्या आईची विचारपूस केली. पुढे पोलिसानं अडवलं. म्हणाला, जुन्या रिफ्लेक्टरला हे बल्ब चालत नाहीत, उजेड भलतीकडे फाकतो, आत्ताच्या आत्ता काढा.
पोलिसाला रिफ्लेक्टरमधलं काय कळतं?
काढले. (रिफ्लेक्टरबद्दल त्याचं बरोबर होतं. घरी सांगितलं नाही.)

१० फेब्रुवारी
मेटगळ्ळीला रविकिरणकडे गेलो. तो मेकॅनिक नव्हे, ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्यामुळे निश्चय मोडला असं होत नाही.
त्यानं मीटर लावला. बल्बला जेमतेम दहा व्होल्ट पोचतात! बाकीचे जुन्या वायरीतच मरतात. म्हणजे दोष हेडलाइटचाच! घरी फोन करून गंगाला सांगितलं. ती बरं म्हणाली. माणूस जिंकला की घरचे बरं म्हणतात.
रविकिरणनं जाड वायर ओढली, रिले बसवला, भिंतीवर खूण करून दोन्ही दिवे एका उंचीवर आणले. मग म्हणाला, अण्णा, तुम्हीच मीटर वाचा. मी वाचलं, अठरा. तो म्हणाला, तेरा.
त्याच्या वर्कशॉपमध्ये उजेड कमी आहे.
निघताना हळूच म्हणाला, अण्णा, सुम्ने एकदा डोळे दाखवून घ्या. सुम्ने म्हणजे सहज, उगाच. उगाच करायच्या गोष्टी मी करत नाही. वायरी जोडणाऱ्यानं वायरी जोडाव्यात.

१२ फेब्रुवारी
हल्ली मालच वाईट येतो. नोंद करून ठेवतो. पेपरची शाई फिकी. बाथरूमचा बल्ब मंद. देवळातल्या दिव्याचं तेल भेसळीचं, ज्योतीभोवती कडं दिसतं. नव्याचा नवा ड्रेस हळदी रंगाचा, आणि ती म्हणते पांढरा आहे. दुकानदारानं फसवलं. रंगाऱ्याच्या पणतूला रंग शिकवतात!
१५ तारखेला पुन्हा बन्नूर. मनोहररावांच्या मुलीचं लग्न. इडलीची मोठी भांडी साडेपाचला कल्याण मंडपात हवीत. नव्या म्हणाली, अप्पा, मी चालवते, चार वर्षं लायसन आहे. हसलो. पिकअप म्हणजे स्कूटी नव्हे.
मग म्हणाली, निदान सोबत येते. नको म्हटलं. मी काय लहान आहे?

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
आजचा अहवाल.
पावणेपाचला निघालो. धुकं. मधल्या एका गावात जरा थांबलो. कारण महत्त्वाचं नाही. त्यानंतर ठरवलं की आपल्या दिव्यांवर अवलंबून राहण्यापेक्षा पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जावं. शास्त्रशुद्ध पद्धत. दिवा वळला, मी वळलो. दिवा थांबला, मी थांबलो. खाली उतरून हाक मारली, भांडी आली!
ते गुऱ्हाळ होतं. पुढची गाडी उसाचा ट्रॅक्टर. गुळाच्या कढईशी बसलेली माणसं माझ्याकडे बघत राहिली. एक जण म्हणाला, स्वामी, आमच्याकडे भांडी आहेत.
रिव्हर्स घेताना मागचं चाक चरात गेलं. मनोहररावांचे सहा फोन. वऱ्हाड उपाशी. शेवटी नव्याला कळवलं. ती पहिल्या बसनं आली, गुऱ्हाळातल्या माणसांना हाताशी धरलं, गाडी बाहेर काढली आणि स्वतः चालवत मंडपात नेली. आठ वाजता इडल्या चढल्या. तोपर्यंत पाहुण्यांना केळी आणि गूळ दिला. गूळ उत्तम होता. मीच आणला होता.
मनोहरराव माझ्याशी बोलले नाहीत. नव्याचे आभार मानले.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४
वर एक गोष्ट लिहिली नाही. ही वही दुसरं कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.
मधल्या गावात थांबलो, कारण बंपरखाली काहीतरी खणखणलं. बादली. उतरून बघितलं तर बादलीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, एक म्हातारी. दारापुढं रस्त्याच्या कडेला सडा घालत होती. मला ती दिसलीच नव्हती. नंतरही नीट दिसत नव्हती, आवाजावरून कळलं.
दोन्ही हात डोळ्यांवर धरून उभी होती. उजेडानं. माझ्या हेडलाइटच्या उजेडानं.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कन्नडमध्ये इतकंच म्हणाली, एवढा लखलखीत उजेड अंगावर पडला, वाटलं तुला मी दिसतेय, म्हणून हलले नाही.
बादली सरळ करून दिली. गाडी सुरू करायला तीनदा किल्ली फिरवावी लागली. थंडी होती.

१६ फेब्रुवारी
रविकिरणला विचारलं, दिवे खरंच लखलखीत आहेत का. म्हणाला, अण्णा, नव्या गाडीसारखे आहेत.
गंगाला म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. तुझं मन राखायला. ती चप्पल घालून तयार.

१८ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणजे नव्याच्या वयाची मुलगी. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलाय, कधीपासून कमी दिसतंय? म्हटलं, कमी दिसत नाही, दिवे मंद आहेत. तिनं लिहून घेतलं: दोन वर्षं. ते गंगानं मागून सांगितलं होतं.
डॉक्टरला विचारलं, मंद हेडलाइटमुळे मोतीबिंदू होतो का? नाही म्हणाली. अभ्यास कमी पडतो हल्लीच्या लोकांचा.
आधी उजवा डोळा. तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हे डॉक्टर नाही, नव्या म्हणाली. किल्ली तिच्याकडे. तात्पुरती.

२५ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. पणजोबांचा डोळा काढून प्लास्टिकचा घातल्यासारखं वाटलं. काळा चष्मा. थेंब. वाकायचं नाही, चालवायचं नाही, वाद घालायचा नाही. शेवटचं गंगानं जोडलंय.
नव्या तीन ठिकाणी वेळेवर भांडी पोचवून आली. रस्ते सोपे होते.

११ मार्च, सकाळी ९
नव्याबरोबर बन्नूरला. मी बाजूच्या सीटवर, देखरेखीला. आज पहिल्यांदा काळा चष्मा काढून.
काय दिसत होतं! उसाचं पान अन् पान. कालव्याच्या कडेचा बगळा, त्याच्या पायांच्या काड्या. दूरच्या बसची पाटी मी मोठ्यानं वाचून दाखवली. नव्याला म्हटलं, बघ, याला म्हणतात हेडलाइट! रिले, जाड वायर, घासलेली काच, सगळं माझं डोकं. पार पुलापर्यंत उजेड टाकतात.
नव्यानं गिअर बदलला. मग म्हणाली, अप्पा, दिवे मघाशीच बंद केलेत. उजाडलंय.
ठीक आहे. पण लावले असते तर याहून लांबचं दिसलं असतं.