पारडी बदलून पाहिल्यानंतरची वाटणी

मी खाली सही करणार, बाजारपेठेत काटेमास्तर या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा तराजू व वजनकाटे बनविणे आणि दुरुस्त करणे, शिक्षण चौथी उत्तीर्ण, तेही पहिल्याच प्रयत्नात, असे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी शाबूत आहे, दृष्टी चष्म्यासह उत्तम आहे, आणि हा मजकूर मी कोणाच्याही धाकाने अगर दडपणाने लिहीत नाही. पत्नी आतल्या खोलीतून "लवकर आटपा, चहा निवतोय" असे म्हणत आहे. ते दडपण समजू नये.

यापूर्वी गेल्या आठवड्यात मी एक मसुदा केला होता, तो रद्द आहे. तो मी स्वहस्ते फाडला. का फाडला, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. दुकानास लागून असलेले राहते घर पत्नीस, तिच्या हयातीपर्यंत, त्यानंतर चिरंजीवास. मागचे दार ओलाव्याने फुगते. त्यास लाथ न मारता किंचित उचलून ढकलावे. हे चिरंजीवास तोंडी सांगून झाले आहे. आता लेखी सांगतो.

कलम दोन. दुकान व सर्व अवजारे चिरंजीवास. तो माझ्यापेक्षा कमी बोलतो आणि माझ्याइतकेच चांगले काम करतो. हे वाक्य माझ्या पश्चात वाचावे. हयातीत वाचल्यास तो शेफारेल.

कलम तीन. माझी लाकडी शिडी माझ्या मेहुण्यास. ती त्याच्याकडेच आहे. "उद्या आणून देतो" असे सांगून त्याने नेली, त्या वेळी चिरंजीव शाळेत जात होता. आता तिची मालकी त्यास देतो, म्हणजे आणून देण्याची त्याची विवंचना सुटेल. भर बैठकीत त्याने मला "चौथीचे पंडित" म्हटले होते, तेही त्यास परत देतो.

कलम चार. हे कलम मोठे आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

माझी नात, चिरंजीवाची एकुलती एक मुलगी, हिला घरात मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून ही कण कण वेचून मोजते. मुंगी वाणिज्य शाखेची पदवीधर असून एका हिशेबनिसाच्या कार्यालयात नोकरीस आहे. तिला दुसऱ्या शहरातील महाविद्यालयात हिशेबशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास जागा मिळाली. जावे की न जावे, हा प्रश्न घरात शिरल्यापासून कोणाचे जेवणात लक्ष नाही. प्रवेशाची मुदत आज कचेरी बंद होताना संपते.

मी प्रवेशाच्या बाजूचा होतो. चिरंजीव विरुद्ध होता. त्याचे म्हणणे, "आप्पा, नोकरी हातात आहे, साहेब बढती द्यायला तयार आहेत. दोन वर्षं तिथं घालवून हिला काय वेगळं येणार आहे?" मुंगी सकाळी जायचे म्हणे आणि संध्याकाळी राहायचे म्हणे.

यास्तव मी पहिल्या मसुद्यात असे लिहिले होते की, बँकेतील माझ्या ठेवीचा अर्धा भाग मुंगीस, परंतु ती सदर पदवी घेईल तरच. लिहून झाल्यावर मी तो तिला मोठ्या थाटात वाचून दाखविला. ती म्हणाली, "आजोबा, गिऱ्हाईकानं असं केलं असतं तर तुम्ही त्याला दुकानाबाहेर काढलं असतंत."

"काय केले मी?"

"पारड्यावर अंगठा ठेवलात."

माझ्या सबंध हयातीत असा आरोप माझ्यावर कोणी केला नव्हता. मी उठून अंगणात गेलो. परत आलो, मसुदा फाडला, आणि सर्वांस सांगितले की जेवणे झाल्यावर बसायचे आहे.

आमच्या धंद्यात तराजू खरा की खोटा हे एकदा तोलून कळत नाही. डाव्या पारड्यातील माल उजव्यात आणि उजव्यातील वजने डाव्यात टाकून पुन्हा तोलावे लागते. दोन्ही वेळा काटा मध्यावर थांबला, तर दांडी सरळ आहे. माझ्या मनात आले की माणसांचेही असे करून पाहावे. जो बाजूने आहे त्याने विरुद्ध बोलायचे, जो विरुद्ध आहे त्याने बाजूने. म्हणजे वजन मुद्द्यात आहे की बोलणाऱ्यात, ते उघड होईल. पत्नीने मधली खुर्ची घेतली व ती म्हणाली, "मी काटा. मला हलवून दाखवा."

प्रथम मी विरुद्ध बोललो. पदवी हा एक कागद आहे, कागदास वजन नसते, मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून होते, वगैरे. फार उत्तम बोललो. पत्नीने विचारले, "मग दुकानातल्या भिंतीवर खिळा कोणी ठोकला? पदवीची चौकट टांगायला?" सर्व हसले. खिळा मी ठोकला ही वस्तुस्थिती आहे. त्यातून कोणी काही अर्थ काढल्यास तो मला मान्य नाही.

नंतर चिरंजीव बाजूने बोलला. प्रारंभी अडखळला. "पदवी बरी... लोक मान देतात..." पत्नी म्हणाली, "काटा जागचा हललेला नाही." तेव्हा तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "ही रोज घरी आली की मला ऑफिसातलं सांगते. हा आकडा असा का, तो तसा का. मी हो हो म्हणतो. मला त्यातलं अर्धंही कळत नाही. तिथं हिला असं बोलणारी माणसं भेटतील." एवढे बोलून तो खाली बसला. त्याचा विरोध पदवीस नव्हता, घर सुने होण्यास होता, हे मला तेव्हा समजले. बहुधा त्यालाही तेव्हाच समजले.

शेवटी मुंगी. तिने कोणती बाजू घ्यावी हा पेच होता, कारण तिचे मन दोन्हीकडे. पत्नीने निवाडा दिला, "विरुद्ध बोल. भीती आधी बाहेर येऊ दे." मुंगीने एकेक मुद्दा मांडला. दोन वर्षांचा पगार बुडेल. तिच्या कार्यालयातील थोरल्या बाई अशा पदवीवाचून तिथवर पोचल्या. नोंदी करण्याचे काम पुढे यंत्रे करतील. सर्व मुद्दे खरे होते. आम्ही माना डोलावल्या. आणि बोलता बोलता ती म्हणाली, "आणि नोंदी यंत्रं करणार असतील तर उरेल काय? नोंद खरी की खोटी, हे विचारणं. ते मला आज कोणी विचारू देत नाही. मी नुसती भरते. मला विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसायचंय, आणि तिथं बसायचं तर..." इथे ती थांबली.

पत्नी म्हणाली, "तू विरुद्ध बोलत होतीस ना ग?"

मुंगीने तोंडावर हात ठेवला. चिरंजीव इतका मोठ्याने हसला की शेजारच्या शिंप्यांनी भिंतीवर थाप मारली.

तथापि निर्णय तिने त्या वेळी सांगितला नाही. आज सकाळी पिशवी खांद्याला अडकवून ती निघाली. एका रस्त्याने कार्यालय, दुसऱ्या रस्त्याने महाविद्यालयाच्या गावी जाणारी गाडी. कोणीकडे, असे मी विचारले नाही. विचारणे म्हणजे पुन्हा अंगठा.

म्हणून लिहितो: बँकेतील ठेवीचा अर्धा भाग पत्नीस व अर्धा मुंगीस. शिकली तरी, न शिकली तरी. कसलीही अट नाही.

कलम पाच. माझा सोनेचांदी तोलण्याचा नाजूक काटा, काचेच्या पेटीसह,

येथे लेखन थांबले होते. कारण नोंदवितो. संध्याकाळच्या परतीच्या गाडीने मुंगी आली. दारातूनच ओरडली, "आजोबा, भरला!"

"काय भरला?" मला सर्व समजले होते, तरी मी विचारले. दुसऱ्यांदा ऐकावयाचे होते.

"प्रवेश! आधी ऑफिसात जाऊन राजीनामा दिला. साहेब म्हणाले, शिकून आलीस की मला विचारल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही."

"आणि फी?"

"माझ्या साठवलेल्या पैशांतून. तुमचे राहू देत. तुम्हाला अजून पुष्कळ जगायचंय."

चिरंजीवाने तिच्या हातातील पावती घेतली, वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि मग दुकानाचा दरवाजा उघडाच टाकून पेढे आणण्यास गेला. हा मनुष्य दुकान उघडे टाकून आयुष्यात कधी गेला नव्हता.

कलम पाच, पुन्हा. सदर नाजूक काटा मुंगीस. तो माझ्या मृत्यूनंतर न देता आजच देतो. अभ्यासाच्या टेबलावर ठेवावा. तो कामास येणार नाही हे मला ठाऊक आहे. ठेवावा.

कलम सहा. भिंतीवरील खिळा कोणी उपटू नये. तेथे पदवी टांगावी अशी माझी सूचना होती. ती मागे घेतो. काय टांगावे हे मुंगीने ठरवावे. सध्या तेथे तिची पिशवी आहे.

कलम सात. हे मृत्युपत्र मुंगीचा अंतिम निकाल लागण्यापूर्वी अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. तशी तजवीज मी स्वतः करीन. फिरावयास जाणे उद्यापासून पुन्हा सुरू करतो.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: मुंगीच्या पावतीवर आहे तीच. शिंप्यांची हरकत आहे की तारीख आकड्यांत लागते. पावतीवर ती आकड्यांतच आहे. पावतीची नक्कल सोबत टाचली आहे.

सही: काटेमास्तर

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
१. शेजारचे शिंपी. यांनी भिंतीवर थाप मारल्याबद्दल माझी तक्रार नाही.
२. डॉक्टरीणबाई. यांनी मला तपासून बुद्धी स्थिर, नाडी जलद, व जलद असण्याचे कारण आनंद, असे नोंदविण्यास सांगितले.

हजर, परंतु वाटा मिळत असल्यामुळे साक्षीस अपात्र: पत्नी, चिरंजीव, पेढ्यांसह, आणि मुंगी, जिने "मी पण सही करू?" असे दोनदा विचारले व जिला मी दोनदा नाही म्हटले. तिची सही पुढे पुष्कळ मोठ्या कागदांवर व्हावयाची आहे.