चादर न घातलेली खाट

अव्वा, तुझ्यावर जो ठपका बसला त्याबद्दल मला लिहायचं आहे. तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. ज्यांनी तो ठेवला तेही बहुतेक गेले आणि दवाखान्याच्या त्या जुन्या इमारतीत आता सिमेंटची पोती ठेवतात. तरी मला राग येतो. निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतं असं जो तो सांगतो, माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. मैलूरच्या घरात सकाळचं पाणी भरून झालं, पेपर वाचून झाला, की रागावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळतो, एवढाच फरक.

मी, तुझी लेक, तेव्हा तेरा वर्षांची. सकाळी डॉक्टरांचा राउंड झाला की मी कॉन्व्हेंटच्या गणवेशातच तुझ्या वॉर्डात यायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत रजिस्टरमधून संध्याकाळच्या सुयांची यादी एका कागदावर उतरवून द्यायची. तुझे हात नर्सचे, सुई देताना बाळसुद्धा रडायचं नाही, पण इंग्रजी वाचताना तू अडखळायचीस आणि डॉक्टरांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगळा चालल्यासारखं. माझं अक्षर सिस्टर वर्गात सगळ्यांना दाखवायच्या. त्याचा मला माज होता. रजिस्टरमध्ये तीन रकाने असत: खाटेचा नंबर, बाईचं नाव, औषध. मी नावाचा रकाना गाळायची.

"नाव बी लिव की गं," तू एकदा म्हणालीस.

"कागद पुरत नाही. आणि नाव कशाला? सहा म्हणजे सहा."

"माणूस बदलतंय की."

"खाट थोडीच बदलते?"

तू हसलीस. "कॉन्व्हेंटात जायलीस, तुझ्याम्होरं कोण बोलावं," म्हणालीस आणि कागद घडी करून कमरेला खोचलास.

पुढं जे झालं ते तुला मी काय सांगणार. सहा नंबरवरच्या साखरेच्या आजाराच्या बाईला डॉक्टरांनी दुपारी घरी पाठवलं. तू त्या वेळी जेवायला घरी आली होतीस. त्याच खाटेवर तापानं अशक्त झालेली दुसरी बाई आणून निजवली. संध्याकाळी तू ट्रे घेऊन निघालीस, कमरेचा कागद काढलास, कागदावर सहा आणि सहापुढं इन्सुलिन. बाईनं डोक्यावरून कांबळं घेतलेलं. तू "सहा नंबर" म्हणालीस आणि तिनं हात पुढं केला, कारण तिलाही दुपारी कुणीतरी सांगितलं होतं की तू सहा नंबर. थोड्या वेळात तिला दरदरून घाम सुटला, मग शुद्ध गेली. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं म्हणून वाचली. चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली.

चौकशीला दोन माणसं बसली होती. मी तुझा डबा मांडीवर घेऊन दाराबाहेरच्या बाकावर, दार अर्धं उघडं. बाईला घरी सोडल्याचं वॉर्डात कुणी कळवलं का, हे त्यांनी विचारलं नाही. नवी बाई आल्यावर जुने कागद कुणी बदलायचे, हेही नाही. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. सुई कुणी दिली? मी दिली, तू म्हणालीस. यादी कुणाची? माझीच, तू म्हणालीस. अक्षर माझं होतं, अव्वा. तू टेबलावरचा तो कागद त्यांच्यासमोर उलटा करून ठेवलास, हे मला बाकावरून दिसलं.

आणि मी काय केलं? त्या संध्याकाळी तू भाकरी थापत बसलेली आणि मी चुलीजवळ उभी राहून तुला विचारते आहे, "नाव विचारायला काय झालं होतं? एवढं साधं कळत नाही?" तुझा हात परातीत तसाच थांबतो. तू माझ्याकडं बघतेस. मला वाटतं, आता ही म्हणेल, यादीत नाव कामून न्हवतं ते सांग आदी. तू म्हणतेस, "व्हय, इचारायला पायजे होतं," आणि भाकरी तव्यावर टाकतेस. शाळेत सिस्टर आम्हांला सांगायच्या की चूक कबूल केली की मन हलकं होतं. मी इतकी हुशार, की कबुली तुझ्याकडून घेतली.

त्यांनी तुझ्या हातातली सुई काढून घेतली आणि तुला खाटा आणि चादरी सांभाळायला लावलं. वर्षभरानं एका दुपारी मी डबा घेऊन आले तर वॉर्डात नऊ नंबरची खाट उघडी पडलेली, गादी गुंडाळून ठेवलेली, आणि शेजारी चटईवर एक म्हातारी कण्हत बसलेली. डॉक्टर तुझ्यावर ओरडत होते.

"अक्का, खाट रिकामी हाय आन् म्हातारीला खाली बसवायलाव? चादर घाला की."

"नवाचे कागद यायचे हायत, डॉक्टर. औषधाच्या खोलीत एक हाय, साळूबाईनं एक नेलाय. दोन्ही हातात आले की घालते."

"कागदासाठी माणूस खाली?"

"कागद बाहेर हाय तवर ही खाट जुन्या बाईचीच हाय."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साळूबाई, ती वॉर्डातली आया, तोंडाला पदर लावून हसली. कागद यायला अर्धी घटका लागली असेल. मला इतकी लाज वाटली की डबा खिडकीत ठेवून मी तशीच निघून गेले. पुढं तू दवाखाना सोडेपर्यंत असंच करत राहिलीस. लोक म्हणायचे, त्या प्रकरणापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही मान डोलवायची. तुझ्या वॉर्डात सुई पुन्हा चुकली नाही. जे घडत नाही त्याची कुणी नोंद ठेवत नाही.

आता माझं. मी गणित शिकले, हैदराबादला गेले, तिथल्या एका सरकारी कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा ते चालवायला शिकले, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तू गेलीस त्याच सुमारास खाजगी कंपन्या निघायला लागल्या, आपल्या भागातली शिकलेली पोरं बसच्या बस भरून हैदराबादला, पुण्याला जायला लागली आणि मीही सरकारी नोकरी सोडून एका कंपनीत शिरले. आम्ही मोबाइल फोनसाठी ब्राउझर तयार करायचो. फोनच्या पडद्यावर जगातली पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम, असं समज. त्या पानांतही हुकूम लिहिलेले असतात, इथं बोट लावलं तर असं कर, तिथं लावलं तर तसं. पान कुणीही लिहावं, चांगल्यानं आणि चोरानंही, आणि आमच्या प्रोग्रामनं ते उघडावं.

परदेशातल्या एका माणसानं आम्हांला दहा-बारा ओळींचं एक पान पाठवलं. ते उघडून त्यातल्या एका चौकटीला बोट लावलं की आमचा ब्राउझर कोसळायचा. त्यानं खाली लिहिलं होतं, नुसतं कोसळणं समजू नका, या वाटेनं फोनमध्ये शिरता येतं. आमच्या साहेबांनी एका तपासणीची भर घातली, त्या पानानं ब्राउझर कोसळायचा थांबला आणि साहेब चहाला गेले. मी त्या पानात दोन ओळी इकडच्या तिकडं केल्या. पुन्हा कोसळलं.

मग मी बसून ओळ न ओळ वाचली. आमचा प्रोग्राम चौकटीचा पत्ता, म्हणजे मेमरीतला तिचा नंबर, लिहून घ्यायचा आणि मग पानातला हुकूम चालवायचा. तो हुकूमच चौकट पुसून टाकत होता. चौकट गेली, तिची जागा मोकळी झाली, आणि त्याच हुकुमानं त्या जागेत लगेच स्वतःचं काहीतरी आणून ठेवलं. काम संपवून आमचा प्रोग्राम परत येतो, हातातल्या नंबरावर जातो आणि तिथं जे असेल ते चौकटच आहे असं समजून त्याचं ऐकतो. साहेबांनी तपासलं होतं की पत्ता कोरा तर नाही ना. कोरा कसा असेल? कागदावर सहा लिहिलेलंच होतं. कांबळ्याखाली कोण आहे ते कुणी पाहिलं नव्हतं.

अव्वा, चव्वेचाळीस वर्षं मी त्या संध्याकाळकडं तुझी चूक म्हणून, आणि आतून माझी चूक म्हणून पाहत आले होते. ती काम करायच्या पद्धतीतली चूक आहे, आणि तुला ती वर्षभरात कळली होती. ज्यांनी चौकशी केली त्यांना कधीच कळली नाही.

मीटिंगमध्ये साहेबांचा पहिला प्रश्न, "ये लाइन किसकी है?" कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते, कुठलीही ओळ दाखवली की ती शेवटी कुणी लिहिली ते सांगते. त्या सोयीचं इंग्रजी नावच ठपका अशा अर्थाचं आहे. नाव ठेवणारा निदान प्रामाणिक होता. नाव आलं आमच्यातल्या कमलनगरच्या एका बाईचं. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथं एक छोटी दुरुस्ती केली होती. ती मान खाली घालून बसली. मी साहेबांना म्हटलं की सुई कुणी दिली ते विचारू नका. त्यांना अर्थात काही कळलं नाही. मग सरळ सांगितलं: पत्ता घ्यायचा आणि मधे दुसऱ्याला हुकूम चालवू द्यायचा, हे आपण सगळीकडं करतो. मी शोधलं आहे, आणखी बऱ्याच ठिकाणी आहे, त्यांतल्या दोन ओळी माझ्या आहेत. माझं नाव फळ्यावर आधी लिहा.

मग दुरुस्तीवरून भांडण झालं. मी म्हणत होते, चौकट वापरात असेपर्यंत ती धरून ठेवायची. किती जण धरून आहेत ते मोजायचं, शेवटच्यानं सोडल्यावरच जागा मोकळी करायची. आणि हुकूम चालवून परत आल्यावर चौकटीला विचारायचं, तू अजून पानावर आहेस का? नसेल तर काही न करता निघायचं. साहेब म्हणाले, फोनमध्ये मेमरी आधीच कमी, जागा उगाच अडवून ठेवायची? मी म्हटलं, "डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ अडेल. तेवढ्या वेळात तुमचा काय संसार अडतो?" साहेबांनी चार दिवस घेतले, मोजमाप केलं, फरक जाणवण्यासारखा नव्हता. दुरुस्ती मी सांगितली तशीच गेली, सगळ्या ठिकाणी. परदेशातल्या माणसानं पुन्हा सगळीकडून ठोकून पाहिलं आणि कळवलं की आता शिरता येत नाही. अहवालात मी ओळ लिहिणाऱ्यांचा रकाना ठेवला नाही. त्यावरूनही मला वरच्या साहेबांची दोन पत्रं आली. मी दोन्हींना उत्तर दिलं, आणि ती उत्तरं त्यांच्या लक्षात राहिली असतील.

ही माझी मर्दुमकी तुला कळवून पत्र संपवायचं होतं. ते कुठं टाकायचं नाही, या वहीतच राहील, म्हणून उरलेलंही लिहिते. दुरुस्ती गेली त्या दिवशी कँटीनमध्ये ती कमलनगरची बाई ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. माझ्याशी ती आपल्याच बोलीत बोलायची.

"अक्का, एक इचारू? हे धरून ठेवायचं तुमाला सुचलं कसं? आमी आठ दिस झालं डोकं फोडायलाव."

तुझं सांगायला तोंड उघडलं होतं. ती आपल्या भागातली, तिला खाट आणि कांबळं समजावून सांगावं लागलं नसतं. पण तुझं सांगितलं असतं तर यादीचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "कुठंतरी वाचलं होतं."