मोहाच्या झाडाला वळसा

१२ मार्च
जव्हारच्या आमच्या मैदानाचं स्टेडियम होणार, हे आता नक्की. आज सभा. रबरी ट्रॅक, पायऱ्या, दिवे. मतासाठी छापील फॉर्म वाटले, शेवटची तारीख ३०. बाजारातले म्हणाले, आधी पार्किंगचं बघा. पोरं ट्रॅकवर खूश. ट्रॅकच्या आड मैदानातला मोह येतो, तो काढावा लागेल म्हणे. पाड्यावरची एक आजी उठली, "मोह तोडाल तं फुलां कोठं येचू?" सगळे हसले. मला नाही हसू आलं. जुनी धावपटू म्हणून मला मत विचारलं. अख्खा वर्ग गप्प करणारी बाई मी, पण तिथे नुसतं "लिहून देते" म्हटलं.

१४ मार्च
शाळा सुटल्यावर उगाच मैदानावर गेले. मोजणी चालू होती. मोजणीवाल्याने टेपचं एक टोक माझ्याच हातात दिलं. धावायच्या चुन्याच्या रेघेवरून फिरलो. मोहापाशी ती बाहेर वळते, पहिल्यापासून वळते, मी कधी विचारच केला नव्हता...
"मॅडम, हा ट्रॅक चारशेचा नाही. पंधरा मीटर जास्त भरतोय."
घरी येऊन भात करपवला.

१५ मार्च
लिहूनच टाकते. दहावीत होते. पुण्याच्या क्रीडाशाळेत जायचं होतं. चारशे मीटरची वेळ खेळाच्या गावित सरांनी याच मैदानावर घड्याळ लावून घ्यायची आणि पुण्याला कळवायची, अशी पद्धत. दोन सेकंदांनी राहिले. बाबा गावाहून, साखरशेतहून, चालत आले होते. "चल बाय, घरी," एवढंच बोलले. पुढे डी.एड., नोकरी, संसार. सगळं बरं झालं, तक्रार नाही. पण आपले पाय कमी पडले, ही सल घेऊन इतकी वर्षं काढली. आणि पंधरा मीटरला लागतात अडीच सेकंद. चारदा करून पाहिलं.

२२ मार्च
जीपने मोखाड्याला, सरांकडे. भांडायलाच गेले होते, वाटेत वाक्यं घोकत. सर फार थकलेत. ते घड्याळ अजून खिळ्याला टांगलेलं.
विचारलं, सर, मोहापाशी रेघ बाहेरून का घेतलीत?
"मार्च होता ना. बायका पहाटे फुलं वेचायच्या. चुना लागलेली फुलं खाणार कशी? म्हणून बाहेरून घेतली. तेवढं दुसरीकडे कमी केलं असेल मी. केलंच असेल." मग म्हणाले, "तुझे ते दोन सेकंद अजून डोळ्यासमोर येतात गं. आता मैदान मोजलं म्हणे? बरोबर भरलं ना?"
"भरलं, सर."
काय बोलून गेले मी! परतीच्या जीपमध्ये पदर डोळ्यांना लावून बसले. शेजारची म्हणाली, धूळ फार आहे, काच लावा.

२६ मार्च
सातवीतली कमल रोज सकाळी अनवाणी धावते. आज हातात घड्याळ घेऊन उभी राहिले. पोरगी वारा आहे. "बाई, नवीन ट्रॅकवर माझा टायम कमी येल ना?"
येईल गं. खरा येईल. तिचा एक सेकंदही कुणाच्या चुकीत जाता कामा नये. ट्रॅक हवाच, असं फॉर्मवर लिहिलं. खाली 'झाड ठेवावे / काढावे' असा रकाना. तिथे पेन अडलं.
हे म्हणाले, "एवढं काय त्यात? टिक करायची."

३० मार्च
शेवटचा दिवस. शाळेआधी मैदानावर गेले. कुणी नव्हतं, फक्त सभेतली ती आजी मोहाखाली टोपली घेऊन वाकलेली. मनात आलं, जन्मात एकदा खरे चारशे धावून बघावं. मोहाच्या आतून, सरळ. साडीचा ओचा खोचला. वयाला शोभत नाही, नसू दे. पहिल्या वळणावरच धाप लागली, तरी थांबले नाही. मोह आला. खाली फुलंच फुलं, आजीने अर्धीच वेचलेली. तिने हाकही मारली नाही, पण पाय आपोआप बाहेर वळले, रेघेवरून, पंधरा वर्षांची होते तेव्हासारखे. आजीने वर बघितलंसुद्धा नाही. मी बाहेरूनच जाणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.
फॉर्म पर्समध्ये आहे. तो रकाना अजून कोरा. पाचपर्यंत घेतात.