कॅमेऱ्याकडे पाहणारी बाई

माय, आधी माझी तक्रार नोंदवून घे. दिघोरीतल्या एका तपकिरी कुत्र्यानं माझ्या माइकची केसाळ टोपी पळवली. वारा माइकात घुसू नये म्हणून ती घालतात. कुत्र्याला ती बहुधा कुणी नातलग वाटली असावी. माहितीपट करणं ही गंभीर कला आहे, असं मी गेली वीस वर्षं शिबिरांतून सांगत आले. त्या सकाळी ती कला तलावाच्या पाळीवर बसून शेपटी हलवत होती.

टोपी नाही म्हणजे आवाज नाही. आवाजाचा माणूस गावात लोकर शोधायला गेला आणि मी तोवर नुसतं चित्र घ्यायचं ठरवलं. पाणी भरलेल्या शेतात, बांधीत, धानाची रोवणी चालली होती. सात बाया वाकून, मागे मागे सरकत पऱ्ह्यांची कोवळी रोपं रोवत होत्या, तू रोवायचीस तशाच. मी त्यांना आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना मंत्र सांगितला : कॅमेऱ्याकडे पाहू नका, मी इथं नाहीच असं समजा. त्यातली एक, साठीच्या आसपासची, कंबर सरळ करून उभी राहिली. "बाई, एवढ्या बांधीत तुमी खांबावाणी उभ्या. नाही कश्या समजू?" बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. हातातली पेंडी तशीच धरून तिनं सरळ भिंगात पाहिलं. कॅमेरा चालू होता, मी तो चालूच ठेवला.

आता पैसे देणाऱ्या संस्थेतले साहेब. व्हिडिओ कॉलवर फिल्म पाहून ते म्हणाले, बाकी सुंदर आहे, तेवढा शॉट काढा. ती अशी पाहते तेव्हा प्रेक्षकाला कीव येत नाही, उलट आपलंच काही चुकलं की काय असं वाटतं. त्या जागी तिचे भेगाळलेले पाय घ्या, आणि मागे बासरी टाका. बासरी, माय! जन्मभर चिखलात उभी राहिलीस, एकदा तरी कुणी वाजवली का तुझ्यासाठी? नाही काढला तर, असं मी विचारलं. तर फिल्म दाखवली जाणार नाही आणि पुढचीही मिळणार नाही, हे त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं.

तो गोड आवाज ऐकता ऐकता मला दुसरीच बांधी दिसायला लागली. मी कॉलेजातून सुटीवर आलेली, इस्त्रीचा ड्रेस घालून बांधावर उभी. शहरातून शूटिंगवाले आलेत. कॅमेरावाला तुला म्हणतो, मावशी, खाली पाहा. तू मान वर करतेस. "तू मले पाहून राहिला, त मी काहून नोको पाहू तुले?" तो पुन्हा सांगतो, तू पुन्हा पाहतेस. मग तो कॅमेरा उचलून शेजारच्या बांधीत नेतो. तिथल्या बाईनं मान खाली घातली आणि ती टीव्हीवर दिसली. तू संध्याकाळी चुलीपाशी एवढंच म्हणालीस, "मी का चोरी केली होती, खाली पाहाले?"

साहेबांना मी लिहून कळवलं, शॉट राहील. नुसता राहणार नाही, फिल्म त्याच शॉटनं सुरू होईल. भेगाळलेले पाय हवेच असतील तर एक हंगाम रोवणीला या, तुमचेच घेऊ. त्यांचं अत्यंत सभ्य उत्तर आलं आणि फिल्म परत आली.

मग मी ती दिघोरीतच दाखवली, समाजमंदिरात, दिवस बुडताना, पांढऱ्या चादरीवर. पहिल्याच शॉटला पुढच्या रांगेतली दोन माणसं सावरून बसली. ती बाई सुनेसोबत आली होती. स्वतःला एवढं मोठं पाहून सुनेला म्हणाली, "आता मी पाहून राहिली सगळ्यायले."

तुझ्यापाशी एक कबूल करायचं राहिलंय. त्या दिवशी कॅमेरावाल्यानं तुला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणारी मी होते. माय, पाह्य ना खाली, ते लोक चालले जातील, असं मी बांधावरून ओरडले. तू माझ्याकडेही तसंच सरळ पाहिलंस, आणि पुन्हा रोवायला लागलीस. मला लाज वाटली होती. तुझी वाटली होती, हे आज लिहिते आहे.

हा कागद शूटिंगच्या वहीतच राहील. तो शॉट मी अकरा सेकंदांवर कापला होता. काल पुन्हा एडिटिंगला बसले आणि त्यात आणखी चार सेकंद सोडले, तिची पापणी लवेपर्यंत. आवाजाच्या माणसानं विचारलं, काहून. मी तो शॉट पुन्हा पहिल्यापासून लावला.