शेवटच्या वर्षाचा वर्ग

॥ श्री ॥

गिरगाव,
१० नोव्हेंबर २०२४

ती. नलूताईंस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, त्यामुळे आमच्याकडे पोस्टमन अजून येतो. तुमचे बंधुराज सिद्धार्थ म्हणतात, ताईने भांडायची सोय पक्की करून ठेवली आहे. पत्रात मधेच कुणाला बोलता येत नाही.

तुम्ही लिहिलंत की एप्रिलमध्ये वल्लरीला अठरा पुरी होतील, शाळा संपेल, तेव्हा तिला कायमची रेवदंड्याला पाठवा. मागे वाडी आहे, समोर झोपाळा आहे, विक्रांत आणि सूनबाई तिला जपतील. तुम्ही हे किती मायेने लिहिलंय ते मला कळतं. आणखी एक वाक्य लिहिलंत, की तुम्ही दोघं नसाल तेव्हा तिचं काय. त्या वाक्याने माझी झोप उडाली. ते खोटं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या आईला ते कुणी सांगावं लागत नाही.

पण ताई, मी तिला पाठवणार नाही. दादरच्या तिच्या शाळेत कालिंदीबाई शेवटच्या वर्षाचा वर्ग घेतात. शाळेत असेपर्यंत मुलांना सगळे सांभाळतात, बाहेर पडल्यावर त्यांना स्वतःला काय काय जमलं पाहिजे, तेच तिथे शिकवतात. बसने जाणं, दुकानात सुटे पैसे मागणं, खिचडी लावणं, कुणी अंगाला हात लावला तर मोठ्याने ओरडणं, नको असेल तर नको म्हणणं. पहिल्याच सभेत त्यांनी आम्हा पालकांना सांगितलं की मुलं शिकतील, खरी मेहनत तुमच्यावर घ्यावी लागेल. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

हे वर्ष मला द्या. रागावलात तरी चालेल, पण दोन घरांतला जिव्हाळा आहे तसाच ठेवा.

आपली,
देविका

॥ श्री ॥

रेवदंडा,
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. देविका हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले. दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही आणि मग विक्रांतला ओरडले, त्याचा काही दोष नसताना.

मुंबईतल्या बसमध्ये धडधाकट माणूस लोंबकळत जातो, तिथे तू त्या पोरीला एकटी चढवणार? ही तुझी जिद्द तिच्यासाठी आहे की लोकांना दाखवायला, ते एकदा मनाशी तपासून बघ. तुझ्या त्या कालिंदीबाई एप्रिलनंतर घरी जातील. नंतर निस्तरायचं तुलाच आहे.

आता माझंही सांगते. घर मोठं आहे, दोघं कामाला गेली की मी आणि मांजर. वल्लरी असली की मला ऐकू येत नाही हे मी विसरते, कारण ती माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलते. बाकीचे घाईत असतात. तेव्हा तिला मागण्यात माझाही स्वार्थ आहे असं म्हण हवं तर.

वर्ष घे. पण एप्रिलनंतर ती घरात नुसती बसलेली मला दिसली, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. सिद्धार्थला म्हणावं, थंडीत मफलर वापर. सर्वांना माझी आठवण, आणि तुझ्या हट्टीपणालाही आशीर्वादच.

तुझी,
नलूताई

॥ श्री ॥

गिरगाव,
९ फेब्रुवारी २०२५

ती. नलूताईंस,

शि. सा. न. वि. वि.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचा राग थोडा निवळेल.

गेल्या महिन्यात वल्लरीचा बसचा सराव सुरू झाला. आधी कालिंदीबाई शेजारी बसायच्या, मग मागच्या सीटवर, मग बसच्या शेवटी. एका सोमवारी त्या म्हणाल्या की उद्या ती एकटी येईल, मी दादरच्या थांब्यावर उभी राहते. मी हो म्हटलं, ऑफिसला रजा टाकली आणि बसच्या मागे टॅक्सी लावली. टॅक्सीवाला मला चांगलाच चक्रम समजला असणार. लालबागला सिग्नलला बस थांबली, टॅक्सी बरोबर तिच्या खिडकीशी, आणि वल्लरीने खाली पाहिलं. मी पदराने तोंड झाकलं. उतरल्यावर तिने कालिंदीबाईंकडे माझी तक्रार केली की आई नियम पाळत नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला रस्ता पाठ झालाय, आता तुम्ही घरी थांबायला शिका. तेव्हापासून ती निघाली की मी डाळ निवडत बसते. निवडलेलीच पुन्हा निवडते.

आता चांगली बातमी. काम मिळालं. ऑफिस सुटल्यावर मी किती दारं वाजवली ते सांगत नाही. कुणी हळहळलं, कुणी देणगी देऊ का विचारलं, काम कुणी देईना. शेवटी कॉटन ग्रीनला सुरुची नावाच्या एक बाई भेटल्या. त्यांचा फराळाच्या पदार्थांचा छोटा कारखाना आहे. पाकिटं भरायची, चिकटवायची. शाळेने ओळख करून दिली, वल्लरीने आपलं नाव-गाव न अडखळता सांगितलं, आणि सुरुचीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यातून तीन दिवस तिने आतापासूनच जायचं, शाळा संपली की रोज. सगळ्या बायका तिच्याशी इतक्या प्रेमाने वागतात की मला तुमच्या घराची आठवण झाली.

तुम्ही दिलेलं वर्ष फुकट गेलं नाही असं वाटतंय. मायेची नजर अशीच असू द्या.

आपली,
देविका

॥ श्री ॥

गिरगाव,
२३ मार्च २०२५

ती. नलूताईंस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे पाहू नका.

वल्लरीने काम सोडलं. मला न विचारता. मंगळवारी घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली की सुरुचीताईंना सांगून आले, उद्यापासून येणार नाही. मी आधी समजावलं, मग ओरडले. एवढं करून मिळवलेली जागा, तिथे तुला काय कमी होतं, असं विचारलं. ती रडली नाही. मी दमेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तिथे मला काम देत नाहीत. बसवून ठेवतात."

मी सुरुचीताईंना फोन केला. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, अहो, तिला कशाला त्रास द्यायचा, गोड पोरगी आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते, मी तिला चॉकलेट देते, पगार पूर्ण देते. पाकिटं बाकीच्या बायका करतात. वल्लरीने कितीदा तरी हात पुढे केला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी राहू दे गं बाळ म्हणून पाकीट काढून घेतलं.

सिद्धार्थ तिच्या बाजूने आहे. कालिंदीबाई तर खूश आहेत. म्हणाल्या, नको म्हणायला आपणच शिकवलं ना, आता म्हटल्यावर का घाबरता? पण ताई, तिथे ती सुरक्षित होती. मला आणखी काय हवं होतं? निरोप समारंभ तोंडावर आला आहे आणि पुढे काहीच नाही. तुम्ही म्हणाल तर मे महिन्यात तिला घेऊन येते. भांडायचं त्राण उरलेलं नाही.

चुकलं असेल ते पोटात घाला.

आपली,
देविका

॥ श्री ॥

रेवदंडा,
२९ मार्च २०२५

चि. देविका हिस,

आशीर्वाद.

तिला इकडे आणू नकोस.

तुझं पत्र वाचलं आणि उठून ओटीवर गेले. झोपाळ्याकडे पाहिलं. मी तिला तिथेच बसवून ठेवलं असतं. सुपारी सोलायला मागितली असती तर हात कापेल म्हटलं असतं, विहिरीकडे जाऊ दिलं नसतं, सारखं खायला दिलं असतं. गेल्या मे महिन्यात मी हेच केलं. तेव्हा ती तक्रार करत नव्हती, म्हणून मी समजत होते की मजेत आहे. त्या सुरुचीबाईंना नावं ठेवू नकोस, त्या आणि मी एकच.

त्राण उरलं नाही असं पुन्हा लिहू नकोस. पोरीने स्वतःच्या तोंडाने काम मागितलंय. घरात काम मागणारी माणसं किती असतात ते माझ्या सुनेला विचार. आता तू दारं वाजवायला जाशील तेव्हा तिला बरोबर ने, आणि तिलाच बोलू दे. आत शिरल्यावर पहिला प्रश्न तिने विचारायचा, की मला काम काय देणार.

निरोप समारंभाला मी येते आहे. विक्रांत सोडायला येईल. भाषणं ऐकू येणार नाहीत ही त्यातली चांगली गोष्ट. तोवर धीर धर, आणि या म्हातारीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
नलूताई

॥ श्री ॥

गिरगाव,
२९ जून २०२५

ती. नलूताईंस,

शि. सा. न. वि. वि.

समारंभात तुम्ही पहिल्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवल्यात, त्याची शाळेत अजून चर्चा आहे.

त्यानंतर आम्ही दोघी हिंडलो. आत गेल्यावर मी गप्प आणि वल्लरी विचारणार, मला काम काय देणार. काही लोक तिला सोडून माझ्याकडेच बघत बोलायचे. अशा ठिकाणी ती आधी उठायची. मे महिना असाच गेला. एकदा ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, जेवली नाही, आणि मला वाटलं की आता संपलं. सकाळी केस विंचरून तीच दारात उभी.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत अमित नावाचे सुपरवायझर आहेत. त्यांनी तिच्या प्रश्नावर उत्तर दिलं नाही, धुतलेल्या चादरींचा ढीग दाखवला. घडी कशी घालायची ते एकदा करून दाखवलं. तिने घातली. त्यांनी ती उकलून पुन्हा घालायला लावली, कारण कोपरे जुळले नव्हते. मी दारात उभी होते, माझा हात पुढे झाला होता. मी तो मागे घेतला. तिसऱ्यांदा जुळले. महिनाभर शिकाऊ म्हणून ठेवलं आणि आता कायम केलंय.

दुसऱ्या आठवड्यात घरी आली ती हसतच. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, आज अमित सर मला ओरडले. मी गप्पा मारत होते म्हणून. मी चिडणार एवढ्यात पुढे म्हणाली, "सगळ्यांना ओरडतात तसंच ओरडले." सिद्धार्थ उठून आत गेला. चष्मा पुसत होता.

तुमचा जुना प्रश्न अजून तिथेच आहे. आम्ही नसू तेव्हा काय, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण आता तो प्रश्न मी एकटी सोडवत नाही, एवढा फरक पडलाय. गणपतीला तुमच्याकडे यायचं का असं वल्लरीला विचारलं, तर म्हणाली, आत्याला मीच लिहीन.

आपली आठवण रोज निघते, ती दोन्हीकडून निघत राहो.

आपली,
देविका

गिरगाव
१० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे. तू बरी आहेस का?

गणपतीला मला दोन दिवस सुट्टी आहे. मी आणि बाबा येऊ. मोदक मी वळणार. तू हातातून घेऊ नको.

दोन दिवसांनी मी परत जाणार. तू राहा म्हणू नको. रुग्णालयात खूप चादरी असतात. पेशंटला स्वच्छ चादर लागते. मनाली नवीन आली आहे. तिला मी घडी शिकवते. ती चुकते. मी उकलते.

आई आता बसच्या मागे येत नाही. पण गॅलरीत उभी राहते. मी वर बघत नाही.

तुला माझी आठवण आली तर तू गिरगावला ये. पण आधी पत्र पाठव. मी दिवसभर घरी नसते.

तुझी,
वल्लरी